तुपाची बरणी आणि ग्रॅमचा काटा

शंभू चार महिन्यांचा असल्यापासून त्याच्या लंगोटांना एक वास यायचा. नेहमीचा शूचा वास नव्हे. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेली धान्याची खोली उघडली की येतो तसा, कुबट, उंदीर हिंडून गेल्यासारखा. आत्या लंगोट उकळत्या पाण्यात टाकायची, कडक उन्हात वाळवायची, आणि संध्याकाळी घड्या घालताना पुन्हा नाकाशी धरून बघायची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मला आतेभावालाच दिलंय, त्यामुळं लग्नानंतरही ती माझी आत्याच राहिली. "धुतलेल्याला नाही गं वास," ती म्हणायची, "ओल्यालाच आहे. म्हणजे पोराच्या आतूनच येतोय."

पुढं चार-पाच महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते याहून फार वेगळं नव्हतं. पण आत्या बोलत होती तेव्हा मीसुद्धा नीट ऐकलं नाही.

आमच्या घरात सगळ्यांचे केस काळेभोर. शंभूचे मात्र भुरे, मक्याच्या कणसाला असतात तसे. येणारी-जाणारी माणसं कौतुक करायची, गोरंपान पोर आहे म्हणायची. पाचव्या महिन्यात त्यानं मान धरली नाही. सातव्यात बसेना. हाक मारली तर वळून बघेना. बार्शीत ज्या दवाखान्यात आम्ही जायचो, तिथं मी हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, की काही मुलं उशिरा शिकतात, थांबा. आम्ही थांबलो. त्या थांबण्याचा हिशेब मी अजून कुणाकडं मागितलेला नाही, पण तो माझ्या मनातून गेलेलाही नाही.

दिवाळीला पुतणी वैदेही आली. ती पुण्याला बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते. तिनं शंभूला उचललं, लंगोट बदलला, आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, पुण्याला चला. माझं चुकत असलं तर बरंच आहे. पण चला."

तिचं चुकलं नव्हतं. आजाराचं नाव फिनाइलकेटोन्युरिया. सगळे पीकेयू म्हणतात, आता आत्यासुद्धा म्हणते. आपण जे प्रथिन खातो ते पोटात फुटून त्याची वीसएक प्रकारची अमिनो आम्लं होतात. त्यातलं एक फिनाइलॲलानिन. शरीराला ते लागतं, पण थोडं. उरलेल्याचं यकृतातलं एक विकर टायरोसीन नावाचं दुसरं अमिनो आम्ल बनवतं. शंभूच्या यकृतात ते विकर काम करत नाही. त्यामुळं आईचं दूध असो की भाताची पेज, त्यातलं फिनाइलॲलानिन रक्तात साठत गेलं. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ते साधारण 1 मिलिग्रॅम असायला हवं. त्याच्या कागदावर 28 लिहिलं होतं. मी पतसंस्थेत रोखपाल आहे, आकड्यांशी माझं रोजचं नातं. एकच्या जागी अठ्ठावीस म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

वासाचाही उलगडा झाला. साठलेल्या फिनाइलॲलानिनची शरीर दुसऱ्या वाटेनं विल्हेवाट लावू बघतं, त्यातून जी द्रव्यं होतात ती लघवीवाटे जातात आणि त्यातल्या एकाला हा वास असतो. केस भुरे, कारण केसांचा काळा रंग टायरोसीनपासूनच तयार होतो. आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नात दोघांकडं तेच जनुक असण्याचा धोका वाढतो, असं डॉक्टर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. आत्या शेजारीच बसली होती. हे लग्न तिनंच जुळवलं होतं. ती दोन दिवस जेवली नाही.

मग एमआरआयची फिल्म दिव्यासमोर लावली. मॅडमनी पेनानं मेंदूचा मागचा भाग दाखवला. "नऊ महिन्यांच्या बाळाचा हा भाग या फिल्मवर काळसर दिसायला हवा. हा अजून उजळ आहे. इथं मायलिन पुरेसं आलेलं नाही." मायलिन म्हणजे काय, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण. ते मुख्यतः चरबीचं असतं. याच्या मेंदूत ती चरबी नीट तयार होत नाहीये."

इथं मी अडकले, ती कित्येक आठवडे अडकूनच राहिले. आजार प्रथिनाचा आणि बोलणं चरबीचं? वरण, दूध, डाळ बंद करायला सांगताहेत, आणि बिघाड दाखवताहेत मेंदूतल्या चरबीत. एका खात्यात जादा रक्कम जमा झाली म्हणून भलत्याच खात्यात तूट कशी येईल? मी कॉमर्सवाली. जीवशास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच. पुण्याहून परतताना एसटीत शंभू मांडीवर झोपला होता आणि मी फाइलच्या पाठीवर लिहिलं, "चरबी का?"

घरी पोचल्यावर आत्यानं फडताळातली तुपाची बरणी काढून माझ्यापुढं ठेवली. तिनं सगळ्यातून एवढंच उचललं होतं, की मेंदूला चरबी कमी पडतेय. "मग तूप घाल की त्याला. साजूक आहे, घरच्या लोण्याचं. बदाम उगाळून देते." मला ते इतकं पटलं की काय सांगू. आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकत आलोय, तूप आणि बदाम म्हणजे डोकं. मी त्याच रात्री वैदेहीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, बदाम अजिबात नाही, त्यात प्रथिन भरपूर. तुपाला हरकत नाही, तुपात प्रथिन नसल्यातच जमा आहे. पण तूप मेंदूत जाऊन मायलिन होणार नाही."

का होणार नाही, ते तिनं चार रात्री फोनवर सांगितलं. मी वहीत लिहून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी वाचायचे, आणि पुन्हा फोन करायचे. मेंदू आणि रक्त यांच्यात एक कडक पडदा आहे. रक्तातलं कोलेस्टेरॉल तो ओलांडू शकत नाही. आणि मायलिनला तर कोलेस्टेरॉल फार लागतं. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के असेल-नसेल, पण शरीरातलं पाव हिस्सा कोलेस्टेरॉल मेंदूत असतं आणि त्यातलं बरंचसं मायलिनमध्ये. म्हणजे ते सगळं मेंदूनं स्वतः, आतल्या आत, बनवलेलं असतं. पाणी काढून टाकलेल्या मायलिनमध्ये 70 टक्क्यांहून जास्त चरबी असते. ती बनवणाऱ्या आणि तंतूंवर गुंडाळणाऱ्या पेशींना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. या कामाला बाळ पोटात असतानाच सुरुवात होते आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ते सगळ्यात जोरात चालतं. नंतर विशीपर्यंत चालू राहतं, पण तो जोर पुन्हा येत नाही.

पहिली दोन वर्षं. त्यातले नऊ महिने आम्ही "थांबा" ऐकण्यात घालवले होते.

ह्यांना हे माझ्याआधी कळलं. ह्यांचं शेतातल्या पंपांच्या मोटारी रिवायंडिंग करण्याचं दुकान आहे. मी वही वाचून दाखवत होते. हे म्हणाले, "म्हणजे एनॅमल." तांब्याच्या तारेवर एनॅमलचा पातळ थर असतो, म्हणून शेकडो वेढे एकमेकांना चिकटून बसले तरी वीज आपल्या वाटेनंच जाते. तार कितीही चांगली असो, थर विरळ असला की मोटार चालत नाही. मेंदूतलं सगळं अगदी तसंच नाही, असं वैदेही म्हणाली. मायलिन नसेल तर संदेश मंदावतो, वाटेत विरतो. पण ह्यांनी त्या दिवशी दुकानातून जुन्या तारेचा एक तुकडा आणला, ब्लेडनं त्यावरचा थर खरवडून मला दाखवला, आणि मग तो तुकडा बराच वेळ बोटांत फिरवत बसले.

तरी माझा प्रश्न जागेवरच होता. मेंदू स्वतः चरबी बनवतो, ठीक. मग रक्तातल्या एका अमिनो आम्लाची त्याला आडकाठी का?

याची दोन-तीन उत्तरं आहेत, आणि पहिलं मला एसटी स्टँडवर समजलं. अमिनो आम्लं मेंदूत शिरतात ती त्या पडद्यातल्या ठराविक दारांतून. फिनाइलॲलानिन, टायरोसीन, ट्रिप्टोफॅन, ल्यूसीन अशा कितीतरी मोठ्या अमिनो आम्लांसाठी दार एकच आहे, आणि फिनाइलॲलानिन त्या दाराला सगळ्यात पटकन चिकटतं. आषाढीच्या आधी बार्शीहून पंढरपूरच्या गाडीला काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. दार एक, आणि दाराशी अठ्ठावीस पट गर्दी एकाच गावच्या माणसांची. बाकीचे प्रवासी पिशव्या घेऊन फलाटावरच. आत जी माणसं पोचायला हवी होती ती पोचत नाहीत. मायलिनमध्ये चरबीबरोबर प्रथिनंही असतात, ती बनायला सगळी अमिनो आम्लं लागतात, आणि एकाच्या गर्दीनं बाकीच्यांची टंचाई होते.

दुसरं उत्तर थेट चरबीचं. चरबी बनवण्याची मेंदूची पद्धत अशी, की साखरेपासून आधी पायरुवेट, त्यापासून ॲसिटिल कोएन्झाइम-ए नावाचं छोटं द्रव्य, आणि त्या छोट्या तुकड्यांची माळ ओवून स्निग्धाम्लं आणि कोलेस्टेरॉल. साठलेल्या फिनाइलॲलानिनपासून फिनाइलपायरुवेट नावाचं द्रव्य होतं. नावाप्रमाणंच ते पायरुवेटच्या घराण्यातलं दिसतं आणि त्याच्याच वाटेत उभं राहतं. 1973 साली इंग्लंडमध्ये लँड आणि क्लार्क या दोघांनी उंदराच्या मेंदूवर काम करून दाखवलं, की स्निग्धाम्लं बनवणाऱ्या विकरांचं काम फिनाइलपायरुवेटमुळं मंदावतं. मग 2000 साली पीकेयू असलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. कोलेस्टेरॉल बनवण्याच्या साखळीत एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर मुख्य, सगळ्या कामाचा वेग तेच ठरवतं. मेंदूच्या ज्या भागात मायलिन कमी होतं, त्याच भागात या विकराचं काम कमी आढळलं.

आम्हा दोघांना सगळ्यात धीर आला तो याच्या पुढच्या गोष्टीनं. त्या उंदरांच्या मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइट मेलेले नसतात. त्यातल्या बऱ्याचशा पेशी जागेवर असतात, जिवंत असतात, फक्त मायलिन बनवत नाहीत. आणि रक्तातलं फिनाइलॲलानिन उतरवून काही महिने उतरलेलं ठेवलं, की माणसांच्या एमआरआयमधले पांढऱ्या भागातले हे बदल कमी होताना दिसलेले आहेत. बाळपणी न शिकलेलं सगळं परत येतं असं मात्र नाही, हे मॅडमनी आम्हाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. त्यांनी गोड बोलून आमची समजूत घातली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

फेब्रुवारीत तपासणीसाठी पुण्याला गेलो तेव्हा वैदेहीनं मला तिच्या विभागात नेलं. प्रयोगातल्या उंदराच्या मेंदूचा थोडा भाग साखरेच्या पाण्यात कुटून घेतला होता. एका नळीत आधी दाट साखरपाणी, त्याच्यावर हलक्या हातानं हे पातळ मिश्रण. नळी यंत्रात घालून फार जोरात फिरवली. बाहेर काढली तेव्हा तळाशी करडा गाळ होता, आणि मध्ये, जिथं पातळ आणि दाट पाणी एकमेकांना भेटत होतं तिथं, एक पांढरी चकती तरंगत होती. "हे मायलिन," ती म्हणाली. बाकी सगळं जड म्हणून खाली गेलं, चरबीमुळं हलकं म्हणून हे वर राहिलं. मी म्हटलं, "लोणी." ती म्हणाली, "तेच, काकू. घुसळण आणि लोणी." लोण्यापेक्षा पांढरं, आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जाडीचंसुद्धा नव्हतं. मी ती नळी उजेडाकडं धरून किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. शंभूच्या डोक्यात आम्हाला जे वाढवायचं होतं ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होते.

परत येताना तिनं याच घराण्यातल्या दुसऱ्या एका आजाराचं सांगितलं. त्यात ल्यूसीन, आयसोल्यूसीन आणि व्हॅलीन ही तीन अमिनो आम्लं साठतात, मायलिन तिथंही बिघडतं, आणि बाळाच्या लघवीला मेथीसारखा गोडसर वास येतो. मेथीला ज्या द्रव्यामुळं वास असतो तेच द्रव्य. आईनं बाळंतपणाच्या आधी मेथी खाल्ली म्हणून निरोगी बाळाला तसा वास आला आणि डॉक्टरांना या आजाराची शंका आली, असंही घडलेलं आहे. मी सव्वा महिना मेथीचे लाडू खाल्लेली बाई. आमच्या घरात तो वास कुणाला वावगा वाटला असता?

वासावरून आठवलं, आणि हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या आजाराचा शोध एका आईच्या हट्टामुळं लागला. नॉर्वेतल्या बॉर्ग्नी एगेलँड यांची दोन मुलं, लिव आणि दाग, दोघंही मागे पडलेली. दोघांच्या अंगाला चमत्कारिक वास यायचा. डॉक्टरांमागून डॉक्टर झाले, कुणी त्या वासाकडं लक्ष दिलं नाही. 1934 मध्ये त्या आस्ब्यर्न फ्यॉलिंग या डॉक्टरांकडं पोचल्या. फ्यॉलिंग रसायनशास्त्रही शिकलेले. त्यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं तर ती हिरवी झाली. असा रंग त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी मुलांच्या आईकडून पुन्हा पुन्हा नमुने मागवले, आणि त्यातून वेगळं काढलेलं द्रव्य म्हणजे फिनाइलपायरुविक आम्ल, मी वर सांगितलं तेच. लिव आणि दाग यांना त्या शोधाचा उपयोग झाला नाही, तेव्हा उपाय नव्हता. मी त्या बाईंचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

उपाय निघाला तोही असाच. बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलात 1951 मध्ये शीला जोन्स नावाची सतरा महिन्यांची मुलगी होती. ना बसता येत होतं, ना उभं राहता. तिची आई रोज सकाळी डॉ. होर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेबाहेर उभी राहायची आणि विचारायची, माझ्या मुलीसाठी काय करणार? बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करून ते कोळशातून गाळले, फिनाइलॲलानिन काढून टाकलं, आणि बाकीची अमिनो आम्लं तिला दिली. काही महिन्यांत ती रांगायला लागली, उभी राहायला लागली, केस काळवंडले, वास गेला. आज शंभू जी पावडर पितो ती त्या कोळशातून गाळलेल्या दुधाचीच पुढची पिढी.

ती पावडर बेचव आहे, उग्र आहे, आणि महाग आहे. त्यात फिनाइलॲलानिन सोडून सगळी अमिनो आम्लं आहेत, टायरोसीन जास्तीचं घातलेलं. पहिले आठ दिवस त्यानं ती थुंकून टाकली. आता पितो.

बाकीचं खाणं काट्यावर. एक ग्रॅम प्रथिनात साधारण 50 मिलिग्रॅम फिनाइलॲलानिन धरायचं. शंभूला दिवसाला 320 मिलिग्रॅमची मुभा आहे. एक कप गाईचं दूध म्हणजे अख्ख्या दिवसाचा वाटा संपला. तुरीची डाळ, कच्ची, मूठभर, तरी तेच. वरणभात, आपण बाळाच्या तोंडी पहिल्यांदा देतो तो घास, आमच्या घरात मोजून भात आणि वरणाशिवाय असा झाला. सोनार वापरतात तसा छोटा काटा हे घेऊन आले. साबुदाण्यात प्रथिन जेमतेम, म्हणून उपवासाचं पोतं आता बारमाही भरलेलं असतं. पण खिचडीत दाण्याचं कूट घालायचं नाही. पहिल्यांदा बिनकुटाची खिचडी केली तेव्हा आत्याचा हात सवयीनं डब्याकडं गेला आणि तिथंच थबकला. बाबांना मधुमेह आहे, ते चहात गोडीच्या गोळ्या टाकतात. त्या डबीवर बारीक अक्षरांत छापलंय, की हे फिनाइलकेटोन्युरिया असणाऱ्यांसाठी नाही. त्यातल्या ॲस्पार्टेममध्ये फिनाइलॲलानिन असतं. आठ वर्षं ती डबी आमच्या माहेरी टेबलावर होती.

शून्य करायचं नसतं, हे शिकायला मला वेळ लागला. भीतीनं मी एप्रिलमध्ये मापापेक्षाही कमी देत होते. फिनाइलॲलानिन शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते थोडं बाहेरून यावंच लागतं. ते कमी पडलं की वाढ थांबते, आणि शरीर आपलेच स्नायू मोडून खातं. श्रावणात शंभूला ताप आला. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही, पावडरही नाही. मी मनात म्हटलं, निदान आकडा तरी खाली येईल. आकडा 11 आला. आदल्या आठवड्यात 4 होता. मी मॅडमना फोनवर रडतच म्हणाले, "त्यानं काहीच खाल्लं नाही हो." त्या म्हणाल्या, "म्हणूनच वाढला. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू वितळवतं, आणि त्या स्नायूंतलं फिनाइलॲलानिन रक्तात येतं. ताप असला की त्याला प्रथिनाशिवायच्या खाण्याची ताकद द्यायची. साखर, साबुदाणा, तेल, तूप."

तूप. मी फोन ठेवला आणि आत्याकडं बघितलं. बरणी फडताळातच होती, दहा महिने. ते तूप मेंदूत जाणार नव्हतं, मायलिनही होणार नव्हतं, वैदेहीचं खरंच होतं. पण ते पोटात असलं की शरीर स्वतःला मोडत नाही, रक्तातला आकडा खाली राहतो, आणि आकडा खाली राहिला की मेंदूचं आपलं आपलं काम चालतं. आत्यानं साबुदाण्याच्या पेजेत दोन चमचे घातलं आणि चमच्याचमच्यानं तासभर त्याला भरवत बसली. मासे, अंडी, दूध काहीच नसल्यानं डीएचए नावाचं एक स्निग्धाम्लही या मुलांच्या रक्तात कमी पडतं, आणि ते मेंदूला हवं असतं. त्याचे थेंब मॅडमनी वेगळे लिहून दिलेत. म्हणजे चरबी बाहेरून द्यायची ती एवढीच. उरलेली त्याची त्यानं आत बनवायची, आणि आम्ही त्याची वाट मोकळी ठेवायची. माझ्या फाइलच्या पाठीवरच्या प्रश्नाचं उत्तर मला असं, साबुदाण्याच्या पातेल्याशी उभं राहून मिळालं.

दर मंगळवारी रक्ताचा नमुना. टाच कोमट फडक्यात शेकायची, सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा. जाड कागदाचं कार्ड असतं, त्यावर छापलेली वर्तुळं. थेंब वर्तुळभर पसरून कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत उतरला पाहिजे. दोनदा थेंब टाकायचा नाही, बोट लावायचं नाही. मग कार्ड आडवं ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवायचं. मुंग्या येऊ नयेत म्हणून आत्या कार्डाभोवती पाण्याची परात करते. रक्ताचे थेंब असे कागदावर वाळवून तपासण्याची पद्धत अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी 1960 च्या सुमारास बसवली. त्यांच्या भाचीला पीकेयू होता. त्या चाचणीमुळं किती तरी देशांत प्रत्येक नवजात बाळाची टाच टोचली जाते, दोन-तीन आठवड्यांच्या आत आहार सुरू होतो, आणि ती मुलं शाळेत इतर मुलांसारखी शिकतात. गोव्यात 2008 साली सरकारनं नवजात बाळांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. आपल्याकडं जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची अजून ती होत नाही. एका टाचेतले चार थेंब. मी पतसंस्थेत येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला हे सांगते. काहीजणी घाबरतात, तरी सांगते.

शंभू आता वीस महिन्यांचा आहे. आधाराशिवाय बसतो. मागच्या महिन्यात पातेल्याचं झाकण पडलं तेव्हा दचकून त्यानं मान वळवली, आणि आम्ही तिघांनी ते झाकण आणखी चारदा पाडलं. बोलत नाही अजून. पुढचा एमआरआय जानेवारीत.

त्याचं जावळ दवाखान्याच्या फेऱ्यांत राहून गेलं होतं. परवा आत्या त्याला पायांवर घेऊन तेल लावत होती. एकदम तिनं हाक मारली. मला वाटलं काही लागलं. तिनं भुऱ्या केसांचा पुंजका दोन बोटांत धरून बाजूला केला होता. मुळाशी, टाळूला लागून, केस काळे आले होते. खूप नाही. आत्यानं अंगठ्याचं नख तिथं टेकवून माप घेतलं. "जावळ नको काढूस गं इतक्यात," ती म्हणाली. "बघू दे मला."

मी वही आणली. मंगळवार, 4.6. त्याच्या पुढच्या रकान्यात लिहिलं, केस, नखभर.